‘आता तू बोल’: परतीच्या तोंडावरचं मेक्सिको, एका जोडप्याचं प्रकरण

“ताई, युकातान सोडू की वाहाका? दोन्ही बसत नाहीयेत.” ऑक्टोबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या सान क्रिस्तोबालहून हा निरोप आला. पाठवणारा नवरा. तासाभराने बायकोचा आला: “तिकीट अलीकडचं घ्यायचं तर किती पैसे कापतात?” एकाच खोलीत बसून, एकमेकांना न सांगता दोघांनी मला लिहिलं होतं. त्याला आणखी मेक्सिको हवं होतं, तिला घर.

लांब प्रवासाला निघणाऱ्या मराठी मंडळींना मार्ग, व्हिसा, खर्च यांची घडी बसवून द्यायचं काम मी करते. परतीच्या तोंडावर असे निरोप येतातच. बहुतेक वेळा ‘दमलात, चार दिवस समुद्रावर पडून राहा’ एवढ्यावर भागतं. इथे भागलं नसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. दोघांची परवानगी घेतली आहे, नावगाव गाळलं आहे.

जोडपं आणि वाट

दोघं पुण्याची, तिशी ओलांडलेली. तो सॉफ्टवेअरमधला, ती आर्किटेक्ट. फ्लॅट भाड्याने दिला, नोकऱ्या सोडल्या आणि निघाले. अर्जेंटिनात उतरायचं आणि पाठीवरची सॅक घेऊन जमिनीवरून उत्तरेकडे सरकत राहायचं, एवढाच बेत. पातागोनिया, बोलिव्हियाचं पठार, पेरू, एक्वादोर, कोलंबिया. कोलंबिया आणि पनामाच्या मधल्या दारिएनच्या जंगलातून रस्ताच नाही, तेवढा टप्पा विमानाने. मग मध्य अमेरिका, आणि सगळ्यात शेवटी मेक्सिको. वर्ष भरत आलं होतं. परतीचं विमान नोव्हेंबरच्या मध्याचं, मेक्सिको सिटीहून इस्तंबूलमार्गे मुंबई.

ती जन्माची शाकाहारी. अंडं चालतं, त्यापलीकडे काही नाही. तो सगळं खातो.

ग्वाटेमालातल्या केत्साल्तेनांगो या गावी (तिथे सगळे त्याला ‘शेला’ म्हणतात) स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत. एका शिक्षकापुढे एकच विद्यार्थी, आणि राहायला गावातलंच एखादं कुटुंब. ती तिथे मन लावून शिकली. त्याने पहिल्या आठवड्यातच शाळा सोडली, कारण सांता मारिया ज्वालामुखी चढायचा होता. “तुला येतंय की आता, पुरे झालं,” असं तो म्हणाला. तिलाही तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, असं तिने मला नंतर सांगितलं.

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर वेगळा काढावा लागत नाही. दोघांकडे तो होता. सीमेवरून आत यायचं तर प्रवेशाचा कागद भरायचा, मुक्काम सात दिवसांपेक्षा जास्त असला तर तेव्हा माणशी सातशेच्या वर पेसो शुल्क भरायचं (पेसो साधारण सव्वाचार रुपयांना होता), आणि किती दिवस राहू द्यायचं ते खिडकीपलीकडचा अधिकारी ठरवणार. कमाल १८० दिवस, पण तेवढे मिळतीलच असं नाही. परतीचं तिकीट कुठे आहे, पैसे किती, शेवटी अमेरिकेत जाणार का, या सगळ्याची उत्तरं तिने दिली. तो मागे दोन्ही सॅक सांभाळत उभा होता.

सीमा कुठून ओलांडायची हे मी सुचवलं होतं. एरवी बॅकपॅकवाले ला मेसियाकडून डोंगरातल्या रस्त्याने थेट सान क्रिस्तोबाल गाठतात. पण त्या जुलैमध्ये त्या बाजूच्या मेक्सिकन खेड्यांतली शेकडो माणसं टोळ्यांच्या मारामारीमुळे जीव मुठीत धरून उलट ग्वाटेमालात पळून आली होती. म्हणून खालचा, तालिस्मानचा पूल ओलांडून तापाचुला, आणि तिथून किनाऱ्याच्या सखल रस्त्याने तुश्त्लामार्गे वर. लांबचा पल्ला, पण बरा.

बरा म्हणजे टोळ्यांपासून. तापाचुला हे अमेरिकेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या अडकण्याचं गाव. तिथून सुटणाऱ्या बस वाटेत ठिकठिकाणी थांबवून स्थलांतर खात्याची माणसं कागद तपासतात, आणि भारतीय पासपोर्ट दिसला की जरा जास्तच निरखून बघतात. त्याला इतिहास आहे. उत्तरेकडे जाताना पकडलेल्या ३११ भारतीयांना ऑक्टोबर २०१९ मध्ये मेक्सिकोने एकाच विमानात बसवून दिल्लीला परत पाठवलं होतं. त्या रात्री यांची बस पुन्हा पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी दिवे लागायचे, टॉर्च तोंडावर यायचा आणि ती उठून तीच उत्तरं द्यायची. तो दोन थांब्यांच्या मध्ये झोपायचा. झोप ही त्याची देणगी आहे, त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

बेत

त्याचा बेत मी पाहिला होता. तक्ता छान होता, रंगीत होता आणि अशक्य होता. सान क्रिस्तोबाल, पालेंके, युकातान द्वीपकल्पातली मेरिदा, चिचेन इत्सा, बाकालार, मग उलट वळून १-२ नोव्हेंबरच्या मृतांच्या सणासाठी ३१ ऑक्टोबरच्या आत वाहाका, तिथून पुएब्ला, ग्वानाहुआतो, मेक्सिको सिटी. हे सगळं सहा आठवड्यांत. नकाशावर सान क्रिस्तोबाल ते मेरिदा वीतभर दिसतं. बसने रात्र जाते आणि वर अर्धा दिवस. त्यांच्या परतीच्या विमानाची एक गंमत होती. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत पोटभर इंधन आणि प्रवासी घेऊन उडणं जड जातं, म्हणून हे विमान आधी कॅनकूनला उतरून मग अटलांटिकवर निघतं. त्यामुळे “तसंही विमान कॅनकूनला येतंय, आपण तिथेच चढू” ही कल्पना त्याला फार आवडली होती. तिकीट मेक्सिको सिटीपासूनचं असताना पहिला टप्पा सोडला की पुढचं सगळं रद्द होतं, हे मी त्याला दोनदा लिहिलं. तक्त्यातून कॅनकून गेलं, बाकीचं राहिलं.

काय घडलं

सान क्रिस्तोबाल हे २,२०० मीटरवरचं थंड गाव. कौलारू घरं, दगडी गल्ल्या, भोवतीच्या डोंगरांत त्सोत्सिल आणि त्सेल्ताल माया लोकांची खेडी. याच गावात १ जानेवारी १९९४ ला, उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, झापातिस्ता बंडखोर उतरले होते. बॅकपॅकवाले इथे दोन दिवसांसाठी येतात आणि महिना काढतात.

हे दोघं पोहोचले आणि त्याचं पोट बिघडलं. मेक्सिकोत औषधांच्या दुकानाला लागूनच डॉक्टरची छोटी खोली असते. तेव्हा पन्नास-साठ पेसोंत तपासून चिठ्ठी देत, गरिबांची मोठी सोय आहे ती. जुलाब कधीपासून, किती वेळा, रक्त पडतं का, हे सगळं डॉक्टरने तिला विचारलं. तिने त्याला मराठीत विचारलं, त्याने उत्तर दिलं, तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. “नवऱ्याच्या संडासाबद्दल परक्या भाषेत इतकं बोलावं लागेल असं लग्नात कोणी सांगितलं नव्हतं,” हे तिचं वाक्य. तीन दिवसांत तो उठून बसला आणि पालेंकेच्या व्हॅनची चौकशी कर म्हणाला.

आता खाण्याकडे येऊ, कारण गाठ तिथे होती.

मेक्सिको शाकाहाऱ्याला उपाशी ठेवणारा देश नाही. मका, काळा घेवडा, भोपळ्याची फुलं, निवडुंगाची कोवळी पानं, मिरच्या, चीज, आणि मक्याच्या कणसावर वाढणारी ती काळपट बुरशी, जी खरोखर चविष्ट लागते. अडचण दिसत नाही तिथे आहे. घेवडा डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. ‘मांस नको’ म्हटलं की कोंबडी येते, कारण मांस म्हणजे गाईडुकराचं, कोंबडी ही कोंबडी. म्हणून दर जेवणाला चौकशी. चौकशीही एका प्रश्नात संपत नाही. बाजारातल्या एका टपरीवर तिने विचारलं, “घेवड्यात चरबी घालता का?” बाई म्हणाली, “छे छे. अगदी थोडीशी.”

निरोप आले त्याच्या आदल्या दोन दिवसांत ती पाव आणि केळी खाऊन राहिली होती. बाजारात खायला नव्हतं असं नाही. तिने विचारणंच बंद केलं होतं. त्याला वाटलं तिलाही पोटाचं काही झालं असावं.

मग बसस्टँडवरचा प्रसंग. पालेंकेची मोठी बस तेव्हा ओकोसिंगोवरून जाणाऱ्या जवळच्या रस्त्याने जात नव्हती. त्या रस्त्यावर गाववाल्यांचे अडथळे आणि लुटालुटीचे प्रकार होत, म्हणून बस व्हियाएर्मोसावरून लांबचा वळसा घ्यायची. पर्यटकांच्या व्हॅन मात्र पहाटे चारला निघून त्याच जुन्या रस्त्याने जायच्या. दोन्हींतलं काय घ्यावं, परतीचं काय, तिकीट रद्द झालं तर पैसे मिळतात का, हे खिडकीवर विचारायला त्याने तिला पुढे केलं. ती खिडकीपर्यंत गेली, मागे वळली आणि म्हणाली, “आता तू बोल.” त्याला ते गमतीने घ्यावं असं वाटलं. मागे रांग होती. ती बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसली. तो खिडकीशी ‘पालेंके, दोस’ (दोन) एवढं म्हणून थांबला, पलीकडून भराभर काहीतरी आलं, आणि तो तिकीट न काढताच परतला. परतीच्या वाटेवर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. त्या रात्री मला दोन निरोप आले.

निदान

कारणं चार संभवत होती. पैसा, आजार, भीती आणि घरची ओढ.

पैशाचा हिशेब त्याने मला पाठवला. अंदाजाच्या आत होते. आजार त्याला झाला होता आणि तो बरा झाला होता. भीतीचं म्हणाल तर सीमेवरची ती रात्र तिला झोंबली होती, पण ती बोलिव्हियातल्या रस्तारोकोतून आणि एक्वादोरमधल्या आणीबाणीतून गेलेली बाई. घरच्या ओढीबद्दल तिला सरळ विचारलं, “आत्ता पुण्यात असतीस तर काय केलं असतंस?” मला वाटलं आईचं नाव घेईल, नाहीतर स्वतःच्या पलंगाचं. तिने लिहिलं, “रिक्षावाल्याला पत्ता सांगितला असता आणि त्याला तो पहिल्या फटक्यात कळला असता.”

तिथे मला धागा सापडला. मी दोघांना एकच काम दिलं. उद्याचा एक साधा दिवस घ्या, आणि दिवसभरात परक्या माणसाशी कोण, कशासाठी बोललं ते लिहून काढा. वेगवेगळं लिहा, एकमेकांना दाखवू नका, मला पाठवा.

तिच्याकडून पान भरून आलं. घरमालकिणीला गॅस संपल्याचं सांगितलं. मालकीण म्हणाली गॅसवाला दुपारी येतो, म्हणून दुपारी दारात थांबून गाडीवाल्याला हाक मारली. धोब्याकडे एक मोजा कमी आला, त्यासाठी भांडण नको पण मोजा हवा अशा बेताने बोलली. फोनमध्ये पैसे भरले, नेट चालू झालं नाही, परत गेली. दुकानात सुट्टे नव्हते. औषधाची दुसरी मात्रा जेवणाआधी की नंतर. चामुला या शेजारच्या माया खेड्यातल्या चर्चमध्ये फोटोला बंदी आहे हे त्याला सांगितलं, आणि त्याने मोबाइल हातात धरला म्हणून चिडलेल्या म्हाताऱ्याची माफीही मागितली. असं बरंच.

त्याच्याकडून तीन ओळी आल्या. पाणी विकत घेतलं. बेकरीत बोट दाखवून पाव घेतला. एका जर्मन मुलाशी इंग्रजीत रस्त्याबद्दल बोललो.

तो आळशी नव्हता. खोल्या शोधणं, आरक्षण, नकाशे, पैशाचा हिशेब, सगळं तोच करायचा, आणि ते मोबाइलवर, न बोलता व्हायचं. पातागोनियापासून पठारापर्यंत वर्षभर ही वाटणी ठीक चालली होती, कारण आधी दोघांनाही सारखंच अर्धमुर्धं येत होतं. दोघंही हातवारे करायचे, दोघंही फसायचे. शेलाच्या शाळेनंतर ती बोलकी झाली आणि तो मुका झाला. तिला येतंय म्हटल्यावर सगळं तिच्याकडेच जायला लागलं. मेक्सिकोत तर तो खिडकीपर्यंतही येईनासा झाला.

आता त्यांच्या दोन निरोपांतले प्रश्न बघा. त्याला आणखी गावं हवी होती, कारण गावागणिक त्याला नवं काहीतरी दिसत होतं. तिच्यासाठी प्रत्येक नवं गाव म्हणजे नवी मालकीण, नवा गॅसवाला, चरबीचा नवा प्रश्न. तक्त्यात ज्याला तो ‘मुक्काम’ म्हणत होता, त्याला ती मनातल्या मनात ‘संभाषणं’ म्हणून मोजत होती. तो समजत होता तिला प्रवासाचा कंटाळा आलाय. ती समजत होती त्याला तिची पर्वा नाही. शीण प्रवासाचा नव्हता, जिभेचा होता. आणि जिभेचा शीण बाहेरून दिसत नाही, कारण जो बोलतो तो ताजातवाना वाटतो.

उपाय

दोन्ही याद्या मी दोघांना एकदमच पाठवल्या. सोबत काही लिहिलं नाही. दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही, मग तिघांचा फोन झाला.

माझा पहिला सल्ला त्यांना विचित्र वाटला: आठवडाभर वेगळे राहा. तिने सान क्रिस्तोबालमध्येच स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि कोणाशी बोलू नये. त्याने पालेंके आणि मेरिदा एकट्याने करून यावं. वर्षभर चोवीस तास एकत्र असलेल्या जोडप्याला हे भांडणाचं लक्षण वाटतं. घरच्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न आला. (घरच्यांना काहीच सांगितलं नाही.) जोखीमही होती. चियापासची हवा त्या वर्षी चांगली नव्हती, म्हणून रोज ठरलेल्या वेळी दोनदा निरोप, त्याने त्या रस्त्याने रात्री जायचं नाही, आणि अंधार पडल्यावर तिने गल्लीबाहेर जायचं नाही, एवढं पक्कं केलं.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. सीमोल्लंघनाला मुहूर्त चांगला, म्हणून तो पहाटेच्या व्हॅनने निघाला.

ओकोसिंगोच्या अलीकडे रस्त्यावर दोरी आडवी बांधलेली. चालकाने पैसे दिले, दोरी खाली गेली, पुढे पुन्हा दोरी. तिसऱ्या ठिकाणी बोलणी फिसकटली आणि व्हॅन तासभर उभी राहिली. चालक काय म्हणतो हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं. त्याने शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाला तुटक्या शब्दांत विचारलं, त्यांनी सावकाश समजावलं. पालेंकेला पोचल्यावर रात्रीची खोली, दुसऱ्या दिवशी अवशेषांकडे जाणारी सहाआसनी, मग मेरिदाची बस, सगळं स्वतः. पाकाल राजाचं थडगं ज्या मंदिराच्या पोटात १९५२ मध्ये सापडलं, त्या मंदिरासमोरून त्याने मला बोलका निरोप धाडला. त्यात राजाबद्दल एक वाक्य होतं. उरलेलं सगळं सहाआसनीवाल्याने जास्त पैसे कसे मागितले आणि आपण ते कसे कमी करवले याबद्दल होतं. मेरिदाहून आलेला निरोप छोटा होता: “दिवसभर बोलून कपाळ दुखतंय. हिला रोज असं होत असेल?” मी उत्तर दिलं नाही. तिला विचार, एवढंच म्हटलं.

तिचा आठवडा सांगण्यासारखा नाही, आणि तेच हवं होतं. सकाळी कोपऱ्यावर गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, अर्धा किलो. तिथे बोलावं लागत नाही. वजनकाट्यावर पडतात, कागदात गुंडाळून मिळतात. मसूर सगळीकडे मिळतो, म्हणून मसुराची आमटी आणि भात. जिरं मिळालं, हिंग तिच्याकडे होताच, ग्वाटेमालापर्यंत पुरलेल्या डबीच्या तळाशी. एके दिवशी ती एकटी चामुलाला गेली. त्या चर्चमध्ये बाकं नाहीत, जमिनीवर पाइनच्या सुया पसरलेल्या, त्यावर ओळीने मेणबत्त्या लावून माणसं बसलेली, त्सोत्सिलमध्ये पुटपुटत. तिथे कोणी तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा केली नाही, आणि तीही दोन तास एका कोपऱ्यात बसून राहिली.

तो १९ तारखेला व्हियाएर्मोसाच्या वळशाने परतला आणि त्याच रात्री दोघांनी वाहाकाची बस धरली. पुढच्या दिवशी, रविवारी २० ऑक्टोबरला, सान क्रिस्तोबालमध्ये मार्सेलो पेरेस या त्सोत्सिल धर्मगुरूंची प्रार्थना आटोपून निघताना गोळ्या घालून हत्या झाली. शांततेसाठी मध्यस्थी करणारा माणूस होता तो. मालकिणीचा फोन तिला आला, बाई रडत होती. वेगळं राहण्याचा उपाय मी इतरांना सरसकट सांगत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

वाहाकाची वाटणी

युकातान अर्धं झालं, चिचेन इत्सा, बाकालार, ग्वानाहुआतो तक्त्यातून गेली. त्या बदल्यात वाहाका शहरात जवळजवळ तीन आठवड्यांची खोली, चूल असलेली. मृतांच्या सणाच्या आठवड्यात तिथले दर चढतात, पण लांब मुक्कामाला मालकाने सूट दिली. ती सूट त्याने मागितली.

बोलण्याचे वार वाटून घेतले. एक दिवस त्याचा, एक तिचा, आणि रविवारी घरीच जेवायचं, म्हणजे कोणालाच नाही. त्याच्या वारी ती शेजारी उभी असली तरी तोंड उघडायचं नाही, तो अडला तरी. हे दुसरं तिला जास्त जड गेलं. येत असलेलं उत्तर गिळून नवऱ्याला चाचपडताना बघणं सोपं नसतं. तो सकाळी स्पॅनिशच्या वर्गालाही जायला लागला.

चुका झाल्या. त्याच्या वारी तो बाजारातून एक तपकिरी, सुवासिक लगदा घेऊन आला. मोले असावा, मिरच्या-मसाल्यांचा तिथला प्रसिद्ध रस्सा, असं समजून पाव किलो. तिने वास घेतला आणि डबा लांब सारला. ती डुकराची चरबी तळल्यावर तळाशी उरणारी गाळसाय होती, जी वाहाकात त्लायूदावर, म्हणजे तिथल्या मोठ्या कडक तोर्तियावर, चोपडतात. त्याने ती चार दिवस एकट्याने पोळीला लावून संपवली. पण त्यानंतर टपरीवर चरबीचा प्रश्न तो विचारायला लागला, आणि तिच्यापेक्षा बारकाईने. वाहाकाचा काळा घेवडा अव्होकाडोच्या झाडाच्या पानाची फोडणी दिल्यासारखा सुगंधी असतो. चरबीशिवाय करणाऱ्या दोन बायका त्याने शोधून काढल्या.

सगळंच जमलं असंही नाही. ३१ तारखेच्या रात्री ते शोशोकोत्लानच्या दफनभूमीत गेले. थडग्यांवर झेंडू, मेणबत्त्या, मृतांच्या आवडीचे पदार्थ, शेजारी रात्र काढणारं कुटुंब. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे नंतर आला, तरी तिथे एवढा झेंडू बघून तिला दसराच आठवला. पण गर्दी पर्यटकांची होती. कोणाच्या तरी आजीच्या थडग्यावरून पाय टाकून लोक फोटो काढत होते. तिला ते सोसवलं नाही, त्याला थांबायचं होतं. दोघं कुरकुरत लवकर परतली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन बरोबर १ नोव्हेंबरला, मृतांच्या सणाच्या दिवशीच आलं होतं. खोलीत बाजारातला झेंडू होताच. आईला व्हिडिओ फोन केला, तेव्हा तिकडे फटाक्यांमुळे काही ऐकू येत नव्हतं.

शेवटचा आठवडा मेक्सिको सिटीत. पाच पेसोंची मेट्रो, मानववंशशास्त्र संग्रहालय, आणि माझ्या आग्रहाने शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत. ती त्या सप्टेंबरमध्येच भित्तिचित्रांचं संग्रहालय म्हणून खुली झाली होती. दिएगो रिवेराने १९२० च्या दशकात रंगवलेल्या तिथल्या भिंतींपैकी एका चित्रात जेवणाच्या टेबलावर मधोमध बसून भाकरी मोडणारा माणूस आहे. तो वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागे लागलेले असताना फिरत फिरत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्यावर संशोधन केलं. मजल्यांवर मजले, शेकडो चौरस मीटर भिंती. त्या दिवशी वार त्याचा होता. त्याने पहारेकऱ्याला विचारलं, “इंदु, पान,” (स्पॅनिशमध्ये भारतीय, भाकरी) आणि हाताने भाकरी मोडून दाखवली. पहारेकरी हसला आणि त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेला. ती अख्खा वेळ गप्प होती. तिला सुबक वाक्य येत होतं.

निकाल आणि उरलेलं

तिकीट ठरल्या तारखेचंच वापरलं. खर्च मूळ अंदाजाहून कमी झाला, कारण बसचे पल्ले गेले आणि जेवण घरी झालं. तो म्हणतो, पालेंके एकट्याने केलं ते वर्षातलं सगळ्यात चांगलं. तिचं उत्तर चामुला. एकत्र केलेल्या कशाचंच नाव दोघांनी घेतलं नाही, हे मी त्यांना दाखवून दिलं, ते हसले. मला त्यात काळजीचं काही वाटत नाही, पण नोंद असावी.

हा उपाय कुठे चालणार नाही तेही सांगते. दोघांपैकी एकच गाडी चालवतो, किंवा सगळे पैसे एकाच्याच कार्डावर आहेत, तिथे वार वाटून काही होत नाही. ते आधी सोडवावं लागतं. आणि भाषा दोघांनाही येत नसेल तर भार सारखाच असतो, तिथे भांडण दुसऱ्याच कशाचं तरी असतं.

एक गोष्ट मात्र मेक्सिकोत सुटली नाही. पुण्याला परतल्यावर तिच्या लक्षात आलं की स्पॅनिशचा प्रश्न स्पॅनिशपुरता नव्हताच. सोसायटीचं ऑफिस, कामवाल्या मावशी, त्याचे स्वतःचे आत्या-काका, सगळ्यांशी बोलायचं काम निघण्यापूर्वीही तिचंच होतं. मराठीत असल्यामुळे ते मोजलं गेलं नव्हतं, एवढंच. भाडेकरूने जाताना गीझर मोडून ठेवला आहे. दुरुस्तीवाल्याला फोन कोणी करायचा, यावर परवापर्यंत तरी त्यांचं ठरलेलं नव्हतं, आणि दोघंही थंड पाण्याने अंघोळ करत होते.